मासिक अहवालांतून काळाचे निर्देशक कसे काढावेत: डीएचआयएस-२ मधली सूत्रे आणि त्याआधी घ्यायचे निर्णय

प्राथमिक आरोग्य केंद्रातून दर महिन्याला अहवाल येतो. किती बाळांना लस दिली, ओआरएसची किती पाकिटे उरली, डेंग्यूचे किती रुग्ण सापडले, असे सुटे आकडे त्यात असतात. वरून विचारणा होते ती मात्र वेगळी. गेल्या वर्षी याच महिन्यात काय होते? साठा अजून किती महिने पुरेल? एप्रिलपासून आजवर उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले? या सगळ्या प्रश्नांत काळ आहे आणि अहवालातल्या एकाही रकान्यात तो थेट सापडत नाही. तो सूत्रातून काढावा लागतो, आणि अशा सूत्राच्या उत्तराला निर्देशक म्हणतात. कसा काढायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

उदाहरणांसाठी डीएचआयएस-२ ही आरोग्याचे अहवाल गोळा करून त्यांचे तक्ते काढणारी संगणक प्रणाली घेतली आहे. ओस्लो विद्यापीठातले हिस्प केंद्र ती विकसित करते. ती मुक्तस्रोत आहे आणि अनेक देशांची आरोग्य खाती ती वापरतात. एक्सेल किंवा पॉवर बीआयवर काम करणाऱ्यांनाही पहिले तीन टप्पे जसेच्या तसे उपयोगी पडतील. लसींचे, साठ्याचे आणि रुग्णांचे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. मेनूतली नावे आवृत्तीनुसार थोडी बदलतात, तेवढे सांभाळून घ्यावे.

सूत्र लिहायला फार वेळ लागत नाही. आपला आकडा नेमका कोणत्या काळाचा आहे, हे ठरवायला वेळ लागतो. तो वेळ वाचवला की पुढे सगळे तक्ते चुकतात, आणि ते दिसायला अगदी बरोबर दिसतात. म्हणून सूत्राआधीच्या गोष्टींना मी इथे जास्त जागा दिली आहे.

पहिला टप्पा: प्रत्येक आकड्याचा स्वभाव ओळखा

जून ते सप्टेंबर रोजच्या पावसाची बेरीज केली की मोसमाचा एकूण पाऊस मिळतो. गोव्यातल्या साळावली धरणाच्या रोजच्या पातळीची बेरीज केली तर हाती काहीच लागत नाही. तिथे महिनाअखेरची पातळी महत्त्वाची. आपल्या मासिक अहवालातला प्रत्येक रकाना या दोहोंपैकी एका जातीचा असतो. दिलेले डोस, झालेली बाळंतपणे, तपासलेले रक्तनमुने, खर्च झालेली पाकिटे हे सगळे पावसासारखे, महिन्यामागून महिना जमा होत जाणारे. महिनाअखेरची शिल्लक, उपचार सुरू असलेले रुग्ण, चालू स्थितीतले लसींचे फ्रीज हे पातळीसारखे, त्या क्षणापुरते खरे.

डीएचआयएस-२ मध्ये मेंटेनन्स ॲपमध्ये जाऊन डेटा एलिमेंट (म्हणजे अहवालातला एक रकाना) उघडले की ‘ॲग्रिगेशन टाइप’, म्हणजे आकडे एकत्र कसे करायचे, हा पर्याय दिसतो. तिथे काहीच निवडले नाही तर प्रणाली बेरीज धरून चालते. जमा होणाऱ्या आकड्यांना ते बरोबर आहे, शिल्लकीला नाही. समजा ओआरएस पाकिटांची शिल्लक मार्चअखेर ५४०, एप्रिलअखेर ४४० आणि मेअखेर ३०० आहे. तीन महिन्यांचा एकत्र अहवाल काढला की बेरजेवर ठेवलेला रकाना १,२८० दाखवेल. कपाटात पाकिटे आहेत ३००. तक्ता वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटेल की साठा भरपूर आहे, आणि पावसाळा तोंडावर असताना नवी मागणी जाणार नाही.

शिल्लकीसाठी ‘लास्ट व्हॅल्यू’ या गटातला पर्याय घ्यावा. या गटात दोन गोष्टी बघून निवड करायची असते. पहिली गोष्ट स्थळाची. काळाच्या बाबतीत शेवटचा आकडा हवा, पण उपकेंद्रांचे आकडे तालुक्याला मात्र बेरजेनेच गेले पाहिजेत. म्हणून संस्थांच्या उतरंडीत बेरीज करणारा प्रकार निवडायचा, सरासरी करणारा नव्हे. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. साधा ‘लास्ट व्हॅल्यू’ निवडला आणि या कालावधीचा अहवालच आला नसेल, तर प्रणाली मागच्या कालावधीत जाऊन तिथला आकडा उचलते. ‘लास्ट व्हॅल्यू इन पिरियड’ हा प्रकार निवडलेल्या कालावधीबाहेर जात नाही. साठ्यासाठी मी नेहमी हा दुसरा प्रकार घ्या असे सांगते. ज्या केंद्राचा अहवाल आला नाही त्या केंद्राची जागा रिकामी दिसणे हीसुद्धा एक माहिती आहे. जुना आकडा तिथे बसला की ती पुसली जाते.

लोकसंख्या तिसऱ्या जातीची. ती वर्षाला एकदा भरतात, पण दर महिन्याच्या सूत्रात छेदाला लागते. तिच्यासाठी काळाची सरासरी आणि स्थळांची बेरीज असा पर्याय घ्यावा, म्हणजे वर्षासाठी भरलेला आकडा त्या वर्षाच्या प्रत्येक महिन्याला मिळतो. लोकसंख्येला बेरीज लावून ठेवली की मासिक निर्देशक रिकामे येतात आणि लोक तासन्‌तास सूत्रात चूक शोधत बसतात.

हे सगळे एका वहीत किंवा साध्या तक्त्यात लिहून काढावे: रकान्याचे नाव, जमा होणारा की त्या क्षणापुरता, किती काळाने भरला जातो, कोण भरतो. एका केंद्राच्या अहवालासाठी एक दुपार पुरते. ही वही नसेल तर पुढचे टप्पे करू नयेत.

दुसरा टप्पा: शून्य आणि रिकामी जागा वेगळ्या ठेवा

एखाद्या उपकेंद्राने मलेरियाचे रुग्ण ‘०’ असे लिहिले, तर शोध घेतला आणि कोणी सापडले नाही, असा त्याचा अर्थ. रकाना रिकामा सोडला तर त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नाही. डीएचआयएस-२ मध्ये मुळात शून्य साठवले जात नाही. डेटा एलिमेंटच्या पानावर शून्य साठवण्यासाठी वेगळी चौकोनी खूण असते, ती मुद्दाम करावी लागते. सरासरी काढायच्या प्रत्येक रकान्याला ती करावी, कारण सरासरीत शून्य असणे आणि महिनाच नसणे यांनी उत्तर बदलते. तीन महिन्यांचा खर्च ६०, ०, ९० असेल तर सरासरी ५० येते. मधले शून्य साठवलेच नाही तर ती ७५ होते.

निर्देशकाच्या सूत्रात याच्या उलट घडते. तिथे दोन रकाने बेरजेत असतील आणि एक रिकामा असेल, तर प्रणाली त्याला शून्य मानून पुढे जाते. म्हणजे पेंटा-३ चा (पेंटाव्हॅलंट लसीच्या तिसऱ्या डोसाचा) आकडा भरलाच नसेल तरी, पहिल्या डोसानंतर किती बाळे तिसऱ्यापर्यंत आली नाहीत हे सांगणारा गळतीचा निर्देशक उत्तर देईल, आणि ते १०० टक्के गळती असे असेल. यावर उपाय म्हणून सूत्रात ‘इझ नल’ आणि ‘इफ’ ही फंक्शन्स वापरता येतात. रकाना रिकामा असेल तर अंशात काहीच घेऊ नये, असे त्यांनी सांगता येते.

अहवाल किती आले, हा आकडा प्रत्येक काळ-निर्देशकाशेजारी हवाच. डीएचआयएस-२ प्रत्येक डेटा सेटसाठी (एका अहवालातल्या रकान्यांच्या संचासाठी) ‘रिपोर्टिंग रेट’ आपोआप देते, अपेक्षित अहवाल आणि आलेले अहवाल वेगवेगळेही देते. सहा उपकेंद्रांपैकी पाचांनीच अहवाल पाठवला तर लसीकरण घटल्यासारखे दिसते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, महिन्यात अहवाल उशिरा येतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो उशीर आलेखात घसरण बनून दिसू नये याची जबाबदारी तक्ता बनवणाऱ्याची. माझा नियम साधा आहे: ज्या महिन्याचे अहवाल पूर्ण नाहीत त्या महिन्याची तुलना कुठल्याच महिन्याशी करायची नाही. फार तर तो महिना आलेखात वेगळ्या रंगाने दाखवावा.

तिसरा टप्पा: छेद कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा?

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती: उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७. तेव्हापासूनची वर्षे आपण अंदाजावर काढत आहोत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही आहे. म्हणजे आणखी काही काळ छेद अंदाजाचाच राहणार. अंदाज वापरायला हरकत नाही, पण कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या वर्षासाठी काढला हे डेटा एलिमेंटच्या वर्णनात लिहून ठेवावे. दरवर्षी नवा आकडा नव्या वर्षाच्या नावाने भरावा. जुन्या वर्षाचा आकडा दुरुस्त म्हणून बदलला, तर गेल्या पाच वर्षांचे सगळे दर एका रात्रीत बदलतात.

वर्ष कोणते धरायचे, हा दुसरा प्रश्न. आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचे अहवाल आर्थिक वर्षाने, एप्रिल ते मार्च असे चालतात. मलेरियाचा वार्षिक परजीवी दर आणि क्षयरोगाच्या नोंदणीची उद्दिष्टे जानेवारी ते डिसेंबर या वर्षाने मोजतात. एकाच डॅशबोर्डवर दोन्ही असतील तर प्रत्येक आलेखाच्या नावात वर्षाचा प्रकार लिहावा. डीएचआयएस-२ मध्ये एप्रिलपासून सुरू होणारे आर्थिक वर्ष हा वेगळा कालावधी-प्रकार आहे. लोकसंख्या कॅलेंडर वर्षाने भरली आणि अहवाल आर्थिक वर्षाने मागवला तर छेद मिळतो का, हे एका केंद्रावर आधी करून पाहावे.

छेदात स्थळाचाही घोळ असतो, आणि गोव्यात तो मोठा आहे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, राज्यभरातून बाळंतिणी येतात. सिंधुदुर्ग आणि कारवारकडूनही येतात. मापशेच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत शेजारच्या तालुक्यांतल्या महिला येतात. या बाळंतपणांना इस्पितळाच्याच तालुक्याची, म्हणजे तिसवाडीची, बार्देशची किंवा सासष्टीची लोकसंख्या छेद म्हणून लावली तर प्रमाण शंभराच्या पुढे जाते. तिथे लोकसंख्येवर आधारित निर्देशक काढूच नये. एकूण बाळंतपणांपैकी किती सिझेरियन, अशा ज्या निर्देशकांचे अंश आणि छेद दोन्ही त्याच इस्पितळातले आहेत, तेच काढावेत. किनारी गावांत स्थलांतरित कामगार आणि पर्यटक यांच्यामुळे रुग्ण वाढतात पण छेद वाढत नाही. तिथल्या दराशेजारी रुग्णांची संख्याही द्यावी.

चौथा टप्पा: मागच्या काळाकडे पाहणारे सूत्र

आता प्रत्यक्ष सूत्र. लसीकरणातली गळती हे उदाहरण घेऊ, कारण काळ कुठे लपतो हे त्यात सगळ्यात स्वच्छ दिसते.

पेंटाव्हॅलंट लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. पहिला डोस घेतलेल्यांपैकी किती जण तिसऱ्यापर्यंत पोचले नाहीत, ही गळती. रूढ सूत्र असे: पेंटा-१ वजा पेंटा-३, भागिले पेंटा-१, गुणिले १००, सगळे एकाच महिन्याचे. पण ऑगस्टमध्ये तिसरा डोस घेणारी बाळे साधारण जूनमध्ये पहिल्या डोसला आलेली असतात. ऑगस्टच्या पेंटा-३ ची तुलना ऑगस्टच्या पेंटा-१ शी केली, तर वेगवेगळ्या बाळांची तुलना होते.

सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या केंद्राचे आकडे असे समजू. पेंटा-१ जूनमध्ये ४२, जुलैत ३८, ऑगस्टमध्ये ३०, सप्टेंबरमध्ये ४५, ऑक्टोबरमध्ये ४०. ऑगस्टअखेर चवथ आली, काही सत्रे पुढे गेली, म्हणून ऑगस्ट कमी आणि सप्टेंबर जास्त. पेंटा-३ ऑगस्टमध्ये ३९, सप्टेंबरमध्ये ३६, ऑक्टोबरमध्ये २८.

रूढ सूत्राने गळती ऑगस्टमध्ये उणे ३० टक्के, सप्टेंबरमध्ये २० टक्के आणि ऑक्टोबरमध्ये ३० टक्के येते. उणे गळती म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. ऑक्टोबरच्या ३० टक्क्यांवरून मात्र केंद्रातल्या नर्सला जाब विचारला जाईल.

दोन महिने मागच्या पेंटा-१ शी तुलना केली की जूनच्या ४२ पैकी ३९ पोचले, गळती ७.१ टक्के. जुलैच्या ३८ पैकी ३६ पोचले, ५.३ टक्के. ऑगस्टच्या ३० पैकी २८ पोचले, ६.७ टक्के. केंद्राचे काम तिन्ही महिने जवळपास सारखे होते. हेच खरे चित्र.

डीएचआयएस-२ मध्ये हे करायची रीत अशी. मेंटेनन्समध्ये नवा निर्देशक घ्या. प्रकार टक्केवारीचा, म्हणजे गुणक १०० असलेला निवडा. अंशाच्या सूत्रात पेंटा-१ हे डेटा एलिमेंट घालून त्याला टिंबाने ‘पिरियड ऑफसेट’ (किती कालावधी मागे जायचे ते सांगणारे फंक्शन) जोडा आणि कंसात उणे दोन लिहा. त्यातून साधे, ऑफसेट नसलेले पेंटा-३ वजा करा. छेदात पुन्हा पेंटा-१ आणि पुन्हा उणे दोनचा ऑफसेट. फंक्शनचे नाव प्रणालीच्या दस्तऐवजात आहे तसेच, रोमन अक्षरांत, मोठ्या-लहान अक्षरांसकट लिहावे लागते. जतन करण्याआधी सूत्र वैध आहे की नाही हे स्क्रीन सांगते, ते वाचावे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ऑफसेट मोजला जातो तो अहवालाच्या कालावधीत. मासिक तक्त्यात उणे दोन म्हणजे दोन महिने मागे. तोच निर्देशक कोणी तिमाहीवर लावला तर उणे दोन म्हणजे दोन तिमाह्या मागे, आणि वार्षिकवर लावला तर दोन वर्षे मागे. सूत्र मोडत नाही, चुकीचे उत्तर देते. म्हणून अशा प्रत्येक निर्देशकाच्या नावात ‘मासिक’ हा शब्द घाला, ‘फक्त मासिक तक्त्यासाठी’ असे वर्णनात लिहा, आणि वार्षिक अहवालासाठी ऑफसेट नसलेला वेगळा निर्देशक ठेवा. पूर्ण वर्षाच्या बेरजेत दोन महिन्यांची सरक दोन्ही टोकांना जवळपास मिटते, तिथे रूढ सूत्र चालते.

गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करायची तर उणे बाराचा ऑफसेट, तोही मासिक तक्त्यातच. छोट्या आकड्यांत वाढीची टक्केवारी देऊ नये. दोनाचे चार रुग्ण झाले की ‘१०० टक्के वाढ’ असा मथळा होतो. तिथे फरकच द्यावा. सणांच्या तारखा सरकतात, हेही ध्यानात ठेवावे. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दोन वर्षांचे ऑगस्ट समोरासमोर ठेवले तर कामातला फरक कमी आणि चवथीचाच फरक जास्त दिसेल. ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून तुलना केली की तो बराचसा निघून जातो.

पाचवा टप्पा: सरासरी आणि साठ्याचे महिने

साठा किती महिने पुरेल याचे सूत्र: महिनाअखेरची शिल्लक भागिले सरासरी मासिक खर्च. ओआरएसचा खर्च मार्चमध्ये १२०, एप्रिलमध्ये १००, मेमध्ये १४०. सरासरी १२०. मेअखेर शिल्लक ३००, म्हणजे अडीच महिने पुरेल. कागदावर ठीक आहे. पण गेल्या वर्षी जूनमध्ये २६० आणि जुलैत २८० पाकिटे गेली असतील, तर येत्या महिन्यांचा खर्च २७० च्या आसपास धरायला हवा, आणि तोच साठा जेमतेम एक महिना पुरतो. उन्हाळ्याच्या खर्चावरून पावसाळ्याची गरज काढता येत नाही. सर्पदंशावरच्या लसीचेही तसेच.

सरासरी काढायला निर्देशकातच या महिन्याचा, उणे एकचा आणि उणे दोनचा खर्च बेरजेत घेऊन तीनने भागता येते. झटपट काम होते. पण मधल्या महिन्याचा अहवाल नसेल तरी भागाकार तीननेच होतो, सरासरी खाली येते आणि साठा जास्त दिवस पुरेल असे दिसते. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. म्हणून साठ्यासाठी प्रेडिक्टर वापरावा, थोडा खटाटोप असला तरी.

प्रेडिक्टर म्हणजे मागच्या काळातल्या आकड्यांवरून नवा आकडा काढून तो वेगळ्या डेटा एलिमेंटमध्ये साठवणारी सोय. आधी ‘सरासरी मासिक खर्च, ओआरएस’ असे रिकामे डेटा एलिमेंट तयार करावे. मग प्रेडिक्टरमध्ये ते ‘आउटपुट’ म्हणून द्यावे, कालावधी मासिक, स्तर उपकेंद्राचा किंवा केंद्राचा, आणि ‘जनरेटर’च्या, म्हणजे नवा आकडा काढणाऱ्या, सूत्रात खर्चाची सरासरी. ‘सीक्वेन्शियल सॅम्पल काउंट’ म्हणजे लगतचे मागचे किती महिने घ्यायचे. तिथे तीन लिहिले की मागचे तीन महिने. ‘ॲन्युअल सॅम्पल काउंट’ म्हणजे मागच्या किती वर्षांतले हेच महिने पाहायचे. पावसाळी औषधांसाठी हा दुसरा आकडा फार उपयोगाचा. दोन्ही दिले तर मागच्या वर्षांत त्या महिन्याच्या आधीचे आणि नंतरचेही महिने धरले जातात, चालू वर्षात फक्त आधीचे.

आणखी एक रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात: ‘सॅम्पल स्किप टेस्ट’. ज्या महिन्यात औषध संपलेले होते त्या महिन्याचा खर्च शून्य येणारच. तो सरासरीत धरला की पुढची मागणीही कमी जाते, आणि औषध पुन्हा संपते. स्किप टेस्टमध्ये ‘साठा संपलेले दिवस दहापेक्षा जास्त’ अशी अट घातली की तसे महिने नमुन्यातून वगळले जातात. त्यासाठी अहवालात साठा संपलेल्या दिवसांचा रकाना असावा लागतो. नसेल तर तो मागून घ्यावा. त्या एका रकान्यावर पुढची सगळी मागणी उभी असते.

डेंग्यूसारख्या रोगांसाठी प्रेडिक्टरनेच इशाऱ्याची रेषा काढता येते: मागच्या वर्षांतल्या याच महिन्यांची सरासरी अधिक दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन). ज्या वर्षी मोठी साथ आली ते वर्ष नमुन्यात असेल तर रेषा फार वर जाते आणि पुढच्या साथीचा इशारा मिळत नाही. ते वर्षही स्किप टेस्टने वगळावे.

सहावा टप्पा: वर्षाच्या मधोमध वर्षाचे उत्तर

समजा केंद्राचे वर्षाचे उद्दिष्ट ४८० बाळे. ३१ दिवसांच्या एका महिन्यात ३८ डोस दिले. वर्षाच्या छेदाने ७.९ टक्के येते, ते वाचून कोणाला काही कळत नाही. निर्देशकाच्या पानावर ‘ॲन्युअलाइज्ड’ ही खूण केली की प्रणाली उत्तराला ३६५ भागिले कालावधीतले दिवस याने गुणते. ३८ डोसांचे होतात ९३.२ टक्के. काम याच गतीने चालले तर वर्षाला एवढे होईल, असा त्याचा अर्थ.

लसीकरण, ओपीडी, गर्भवतींची नोंदणी अशा बारमाही कामांना ही खूण चालते. पावसाळी रोगांना ती लावू नये. ६०,००० वस्तीच्या भागात जुलैत डेंग्यूचे १२ रुग्ण सापडले तर लाखामागे २० होतात. वार्षिक करून ते २३५ दिसतात, जणू वर्षाचे बाराही महिने जुलैच चालणार आहे. डिसेंबरात हेच उलट होते आणि खोटा दिलासा मिळतो.

चालू वर्ष हाच कालावधी निवडला तर वेगळीच अडचण येते. एप्रिल ते ऑगस्ट १९० डोस झाले असतील तर प्रणाली १९० ला ४८० ने भागते आणि ३९.६ टक्के दाखवते. ‘ॲन्युअलाइज्ड’ खूण इथे मदत करत नाही, कारण निवडलेला कालावधी पूर्ण वर्षाचा आहे. पाच महिन्यांचे उद्दिष्ट २०० होते, त्यातले १९० झाले, म्हणजे ९५ टक्के. ३९.६ वाचून केंद्राला मागे पडलेले म्हणणे अन्याय आहे.

यासाठी मला सर्वांत सोपी वाटते ती रीत अशी: महिन्याचे उद्दिष्ट हे वेगळे, बेरीज होणारे मासिक डेटा एलिमेंट करावे आणि दर महिन्याच्या अहवालाबरोबरच भरावे. बारा महिन्यांचे उद्दिष्ट आगाऊ भरून ठेवू नये. मग वर्ष निवडा, तिमाही निवडा किंवा पाच महिने निवडा, अंश आणि छेद दोन्ही सारख्याच महिन्यांचे राहतात. सगळे महिने सारखे धरायचीही सक्ती राहत नाही. आलेखात डेटा व्हिज्युअलायझरचा ‘क्युम्युलेटिव्ह व्हॅल्यूज’ पर्याय आणि दोन वर्षे एकावर एक दाखवणारा ‘इयर ओव्हर इयर’ आलेख, दोन्ही हाताशी आहेत. ‘लास्ट १२ मंथ्स’ निवडले की चालू महिना त्यात येत नाही, हे बैठकीआधी सांगून ठेवावे.

साप्ताहिक आकड्यांबद्दल थोडक्यात: आठवडा महिन्याच्या सीमेवर तुटत नाही, म्हणून साप्ताहिक आणि मासिक रकाने एका सूत्रात घेऊ नयेत. सोमवारपासून मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत काही वर्षांत ५३ आठवडे असतात. २०२० मध्ये होते, २०२६ मध्येही आहेत. त्या वर्षाची आठवड्यागणिक तुलना शेवटच्या आठवड्यात अडखळणार.

सातवा टप्पा: पडताळणी आणि कामांचा क्रम

निर्देशक प्रकाशित करण्याआधी एक केंद्र, सलग सहा महिने आणि एक कॅल्क्युलेटर घेऊन बसावे. कच्चे आकडे कागदावर उतरवून हाताने उत्तर काढावे आणि प्रणालीशी ताडून पाहावे. केंद्र निवडताना ज्याचा मधला एक अहवाल आलेला नाही असे निवडावे, कारण सूत्र तिथेच घसरते. मग तेच उत्तर तालुक्याच्या स्तरावर आणि तिमाहीवर पाहावे. तिन्ही ठिकाणी बरोबर येत असेल तरच पुढे जावे.

उत्तर जुनेच दिसत असेल तर बहुधा ॲनॅलिटिक्स टेबल्स चाललेली नसतात. डीएचआयएस-२ चे तक्ते भरलेल्या आकड्यांवरून थेट बनत नाहीत, तर या टेबल्सवरून बनतात. ती सहसा रात्रीच्या वेळापत्रकाने चालतात किंवा डेटा ॲडमिनिस्ट्रेशनमधून हाताने चालवता येतात. क्रम असा ठेवावा: अहवाल भरायची मुदत संपली की आधी प्रेडिक्टर, त्यानंतर ॲनॅलिटिक्स टेबल्स, आणि मगच डॅशबोर्ड पाहायचा. क्रम उलटा झाला तर प्रेडिक्टरने काढलेली सरासरी पुढच्या फेरीपर्यंत तक्त्यात येत नाही.

प्रेडिक्टरचा आकडा एकदा साठवला की तो साठवलेलाच राहतो. जूनचा अहवाल ऑगस्टमध्ये दुरुस्त झाला, तर जुलै आणि ऑगस्टच्या सरासऱ्या आपोआप बदलत नाहीत. म्हणून प्रेडिक्टर चालवताना तारखांची मर्यादा फक्त चालू महिन्याची देऊ नये. किमान मागचे सहा महिने द्यावेत, आणि मार्चअखेर संपूर्ण आर्थिक वर्षासाठी तो एकदा पुन्हा चालवून घ्यावा.